पिवळ्या लोकरीची गाठ

मी एक जुना व्हॅक्यूम पंप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरतो. आपली कहाणी सांगायला बसणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. मोडकी छत्री सगळ्यांना माफ करते, फाटकं पुस्तक जाता जाता आशीर्वाद देतं. माझं तसं नाही, मित्रांनो. माझ्याशी जो वाईट वागला त्याचं नाव संग्राम, आणि त्याची खोड कशी मोडली हे सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड लोखंडी पोट, निळा रंग, उचलायला वर मूठ. पुढे एक छोटी काचेची खिडकी आहे, तिच्यातून माझ्या पोटातलं तेल दिसतं. मुठीशेजारी माझं तोंड आहे आणि त्यावर पितळी झाकण. या झाकणाकडे लक्ष ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

माझं काम काय, तेही नीट ऐका. सगळं भांडण त्यावरूनच झालं. न्यूझीलंडमध्ये हिवाळा लागला की घरं गारठतात, भिंतींना ओल येते, सकाळी खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं. म्हणून लोक हीट पंप नावाचं यंत्र बसवून घेतात. तुमच्या ओळखीच्या एसीचाच तो भाऊ, फक्त गरम हवा देणारा. त्याचा एक डबा घरात असतो, दुसरा बाहेर, आणि दोघांना तांब्याच्या नळ्या जोडतात. त्या नळ्यांतून गॅस फिरतो. पण गॅस सोडण्याआधी नळ्यांत अडकलेली हवा आणि दमटपणा ओढून काढावा लागतो. ते माझं काम. माझ्या तोंडाचं झाकण काढायचं, तिथे नळी जोडायची, बटण दाबायचं आणि अर्धा तास थांबायचं. मी गुरगुरत राहतो. बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही.

आणि हे काम टाळलं तर? यंत्र पहिल्या दिवशी झकास चालतं, महिनाभरही चालतं. राहिलेला ओलावा मात्र आतल्या आत त्याचं काळीज खात असतो. मग ऐन थंडीत एक दिवस ते आचके देऊन बंद पडतं, आणि तोवर बसवणारा पैसे घेऊन कधीच निघून गेलेला असतो.

माझा पहिला मालक ट्रेव्हर. हॅमिल्टनमधला जुना गोरा कंत्राटदार, घरं आणि दुकानं गरम ठेवण्याच्या कामात त्याचे केस पिकलेले. २०१४ साली त्याने मोठा पंप घेतला आणि मला श्यामला विकलं. श्याम इचलकरंजीचा. शिकायला म्हणून आला, डिप्लोमा केला, मग हेच काम शिकून इथेच राहिला. मला त्याच्या हातात देताना ट्रेव्हर म्हणाला, "लुक आफ्टर इट, मेट. चेंज द ऑइल, अँड नेव्हर रश द जॉब." श्यामने मान डोलावली आणि मला घरी नेऊन आपल्या टॉवेलने पुसलं. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

संग्राम हा श्यामचा साहेब. पुण्यात एसी बसवायचा, इकडे येऊन हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या भागात गाळा घेतला, दोन व्हॅन घेतल्या आणि 'ऊब हीटिंग' असा बोर्ड लावला. बोलायला गोड, हाक मारली की हजर. हॅमिल्टनमधली मराठी मंडळी त्याला संग्रामदादा म्हणायची आणि हीट पंप त्याच्याकडूनच बसवून घ्यायची. "आपला माणूस आहे, फसवणार नाही," असं एकमेकांना सांगायची. आपला माणूस कसा फसवतो ते मी जवळून पाहिलं आहे.

सुरुवातीची वर्षं मात्र माझी सुखाची गेली. श्याम मला कुठे कुठे न्यायचा. कधी एखाद्या बालवाडीत, कधी वकिलाच्या ऑफिसात. एकदा आम्ही एका डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, थंडीने काकडलेल्या मालकिणीसाठी हीट पंप बसवला. मी गुरगुरत होतो आणि श्याम बाजूला उभा होता. मालकीण म्हणाली, "इज इट डूइंग एनिथिंग?" श्याम म्हणाला, "हीप्स," म्हणजे इथल्या भाषेत ढीगभर. आजवर कुणी माझं याहून मोठं कौतुक केलेलं नाही.

मग धंदा वाढला आणि संग्रामला माझा अर्धा तास डोळ्यांत खुपायला लागला.

"अरे श्याम, पुण्यात शेकड्यांनी एसी बसवले मी," तो म्हणायचा. "थोडा गॅस सोडला की हवा पळते बाहेर. दोन मिनिटांचं काम! हा तुझा पंप म्हणजे नुसती गुरगुर."

"दादा, तिकडे एसी उन्हाळ्यापुरता चालतो," श्याम म्हणायचा. "इथे हे मशीन दिवसरात्र चालणार. आणि गॅस असा हवेत सोडायला परवानगी नाहीये."

"तू मला शिकव आता."

नुसती गुरगुर! तो शब्द मी पोटात ठेवला. पोटात ठेवायला मला भरपूर जागा आहे.

आता २०१७ च्या दसऱ्याकडे या. तुम्हाला ठाऊक असेल, खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. शेतकरी नांगर-विळा पूजतो, सुतार करवत पूजतो, आणि त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते. संग्रामने गाळ्यात पूजा मांडली आणि गिऱ्हाइकांना फराळाला बोलावलं. पूजा बायकांनी केली की फोटो चांगले येतात, असं त्याचं मत होतं. म्हणून कुंकवाचा करंडा निशिगंधावहिनींकडे आला.

निशिगंधावहिनी गावातल्या रोटोटुना भागात राहतात, आयटीत नोकरी करतात. तेव्हा त्या गरोदर होत्या आणि जातील तिथे विणकाम बरोबर नेत. पाटावर ड्रिल, नट आवळायचे पाने, नळ्या कापायची कात्री आणि मधोमध मी. मला हळद-कुंकू लागलं, अक्षता पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे हात जोडत होतं, मी अगदी विरघळलो. झेंडू इकडे त्या दिवसांत नसतो, म्हणून वहिनींनी कोवाईच्या झाडाची पिवळी फुलं आणली होती. ती माझ्यावरून सारखी घसरायची. नाडा सापडेना, तेव्हा त्यांनी पिशवीतून बाळाच्या स्वेटरची पिवळी लोकर काढली, फुलं तिच्यात गुंतवली आणि ती माझ्या तोंडाच्या झाकणावरून मुठीला गुंडाळू लागल्या.

श्याम पुढे झाला. "वहिनी, हा पंप माझा आहे, तोंडावर नका बांधू. उद्या काम आहे. हे झाकण काढल्याशिवाय पंप चालत नाही."

"अगंबाई, हो का? मग खाली बांधते."

"बांधा हो तुम्ही!" संग्राम हसत म्हणाला. "पूजेच्या वेळी कसलं आलंय काम? फोटोत मस्त दिसतंय."

वहिनींनी लोकर झाकणावरून तीनदा फिरवली आणि पक्की दुहेरी गाठ मारली. विणणाऱ्या बाईची गाठ ती, ओढली की आणखी आवळणारी.

दुसऱ्या दिवशी श्याम मला न्यायला आला. "राहू दे रे, पूजेतला आहे," संग्राम म्हणाला. "पूजेचा धागा तोडू नये, अपशकुन होतो." पुढच्या आठवड्यात म्हणाला, "आज तीन घरं आहेत, वेळ कुठे आहे?" त्यानंतर श्याम रोज विचारायचा आणि संग्राम रोज हसायचा. मला घेतलं श्यामने, पण ठेवलं संग्रामच्या गाळ्यात, आणि तिथे कायदा संग्रामचा.

श्याम दुसरा पंप आणू शकत नव्हता का? नोकरी सोडू शकत नव्हता का? मलाही त्याचा राग यायचा, लपवत नाही. पण त्याचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता आणि इथे कायम राहण्याचा अर्ज सरकारकडे पडलेला होता. साहेबाच्या मनाविरुद्ध गेलं तर सगळंच जाणार. बिचारा दात-ओठ खात व्हॅनमध्ये बसायचा. म्हणून त्याच्यावर मी रागावलो, पण डूख मात्र संग्रामवरच धरला.

आणि माझं काय झालं म्हणता? ते रापाला वारा फार. गाळ्याचं दार सारखं आपटायचं. संग्रामने मला उचललं आणि दाराला अडसर म्हणून लावलं. मित्रांनो, ज्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याचा उंबऱ्यापाशी धोंडा केला! येणारा-जाणारा पाय लावायचा. कुणी माझ्यावर कॉफीचा कप ठेवायचा, कुणी ओल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, वाळत टाकायचा. कोवाईची फुलं वाळून काळी झाली. लोकर धुळीने मळली, पण सुटली नाही. माझ्या अंगावरचं तेल तिच्यात मुरलं आणि गाठ दगडासारखी झाली. ती मी जपली. का जपतो आहे ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं, पण तिच्याखेरीज माझ्याकडे होतं तरी काय?

२०१८ चा हिवाळा आला आणि संग्रामने लावलेली यंत्रं एकामागून एक झोपायला लागली. फोनवर फोन. "संग्रामदादा, मशीन गार हवा मारतंय." "संग्रामदादा, आईंना संधिवात आहे हो, कधी येता?" मी दारात बसून सगळं ऐकत होतो आणि मला गुदगुल्या होत होत्या. आता कळेल, म्हटलं, नुसती गुरगुर कशाला म्हणतात ते!

पण कळायचं बाजूलाच राहिलं. चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. संग्रामने एके दिवशी दोन गिऱ्हाइकांच्या देखत श्यामला झापलं. "पंप असून वापरत नाही हा! आळस! माझं नाव खराब केलं याने." आणि त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

श्याम मला उचलायला वाकला, तर संग्राम म्हणाला, "तो कंपनीचा आहे." श्यामने वर पाहिलं. साहेबाच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकणार? तो रिकाम्या हाताने गेला.

एवढ्यावरही संग्राम थांबला नाही. दोन दिवसांनी ट्रेव्हरचा फोन आला. श्याम त्याच्याकडे काम मागायला गेला होता. संग्राम स्पीकर लावून बोलत होता. "नाइस बॉय, बट ही स्किप्स द व्हॅक्यूम. एव्हरी टाइम."

 मग ट्रेव्हर म्हणाला, "आय सोल्ड हिम दॅट पंप." त्याच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं. तेव्हा मला कळलं की श्यामला आता या गावात कुणी दारात उभं करणार नाही. काम नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे थोड्याच आठवड्यांत त्याला इचलकरंजीला परतावं लागणार, तेही कामचुकार हा शिक्का घेऊन.

त्या दिवशी मी शपथ घेतली. मला हात नाहीत, पाय नाहीत. पण मला वाट बघता येते. माझं सगळं आयुष्यच लोकांना थांबायला लावण्यात गेलं आहे.

लोकांची तोंडं बंद करायची म्हणून संग्रामने एक नवी युक्ती काढली. तक्रार आलेल्या घरी तो मला हातात घेऊन जाऊ लागला. वापरायला नव्हे, दाखवायला. बाहीने माझी धूळ पुसायचा, लोकरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मला उचलायचा. अपशकुनाच्या भीतीने धागा तोडायचं त्याच्या मनात कधी आलंच नाही. खोटं बोलायला भ्यायचा नाही, पण धागा तोडायला भ्यायचा!

आणि असाच एका सकाळी तो मला घेऊन रोटोटुनाला गेला.

निशिगंधावहिनींच्या घरी त्याने एप्रिलमध्ये हीट पंप बसवला होता. आता जुलै होता आणि यंत्र मेलं होतं. घर असं गार की वहिनींच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यांच्या कडेवर त्यांची तान्ही मुलगी, मैत्रेयी. बाळ खोकत होतं. डोक्यावर टोपी, पायांत मोजे आणि अंगात पिवळं लोकरीचं स्वेटर.

संग्रामने मला गालिच्यावर ठेवलं. "वहिनी, काय सांगू तुम्हाला, त्या श्यामने सगळा घोळ केला. मी काढलंच त्याला. आता प्रत्येक घरी मी स्वतः उभा राहून व्हॅक्यूम करतो. आत्ता हंटली गावात एका घरी अर्धा तास हाच पंप चालवून आलो. गरम असेल बघा अजून."

वहिनींनी खरंच वाकून माझ्यावर हात ठेवला. मी बर्फासारखा गार होतो. त्यांचा हात पुढे सरकला आणि लोकरीवर थांबला. त्यांनी लोकरीकडे पाहिलं, मग कडेवरच्या बाळाच्या स्वेटरकडे, मग परत माझ्याकडे.

"संग्रामदादा, हा धागा कुणी बांधलाय?"

संग्रामचा चेहरा फुलला. "तुम्हीच की! गेल्या दसऱ्याला. मी जपून ठेवलाय, वहिनी. तुम्ही बांधलेली गाठ मी तोडेन का? अजून हातसुद्धा लावू दिला नाही कुणाला!"

मित्रांनो, या वाक्यासाठी मी दारात लाथा खाल्ल्या होत्या.

"हातसुद्धा लावू दिला नाही," वहिनी म्हणाल्या. "मग झाकण कसं काढलंत?"

"कसलं झाकण?"

"ज्याच्यावर मी लोकर बांधली ते. श्याम मला तेव्हाच म्हणाला होता, हे काढल्याशिवाय पंप चालत नाही. गाठ माझी आहे, दादा. एकदा सुटली तर कुणाला परत अशी मारता येणार नाही. म्हणजे दसऱ्यापासून हा पंप कुणीच चालवला नाही. माझ्याकडे नाही, हंटलीला नाही, कुठेच नाही."

संग्रामची पाचावर धारण बसली.  माझं तोंड इतके महिने बांधलेलं होतं, आता त्याचं बांधलं गेलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला टेक्निकल कळत नाही..."

"नसेल कळत. पण ऐकू येतं. एप्रिलमध्ये तुम्ही दोघं इथे होतात, मी आत बाळाला पाजत होते. श्याम म्हणाला, 'दादा, पंप हवा होता.' आणि तुम्ही म्हणालात, 'चल रे, आवर.' मला तेव्हा कळलं नाही कसला पंप." त्यांचा आवाज चढला. "चार रात्री ही मुलगी झोपली नाहीये. आणि तुम्ही त्या पोराचं नाव घालवता?"

संग्राम मला उचलायला वाकला.

"तो राहू दे. श्यामचा आहे तो. पूजेला त्यानेच सांगितलं होतं मला."

"वहिनी, आपल्या लोकांत असं..."

"आपल्या लोकांतच सांगणार आहे मी. सगळ्यांना."

संग्राम गेला. जाताना दार त्याच्या हातून आपटलं, आणि या वेळी त्याला अडसर लावायला मी तिथे नव्हतो.

वहिनींनी निरोप धाडला आणि दुपारी श्याम आला. मला पाहून तो जमिनीवर बसला आणि माझ्या मुठीवर हात ठेवून राहिला. वहिनींनी त्याच्याकडून नंबर घेऊन ट्रेव्हरला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर स्वतः आला. हळद-कुंकवाचे डाग, काळी पडलेली फुलं, झाकणावरची गाठ, सगळं त्याने चष्मा वर करून पाहिलं. वहिनींनी त्याला दसऱ्यापासूनची गोष्ट सांगितली.

"सो यू ब्लेस्ड इट," ट्रेव्हर सावकाश म्हणाला, "अँड देन ही मेड इट अ डोअरस्टॉप." त्याची मान लाल झाली. मग तो श्यामकडे वळला. "आय ओ यू अ सॉरी, मेट. मंडे मॉर्निंग. ब्रिंग युअर पंप."

बाहेरचा डबा संग्रामला मुकाट्याने नवा द्यावा लागला. तो बसवताना वहिनींनी कात्री आणून श्यामच्या हातात दिली. श्यामने लोकर कापली, झाकण फिरवलं, नवं तेल भरलं, बटण दाबलं. इतक्या महिन्यांनी मी श्वास घेतला. मी गुरगुरलो आणि ते सगळे अर्धा तास माझ्याभोवती चहा पीत बसले. संध्याकाळी ते घर ऊबदार झालं आणि मैत्रेयीच्या अंगातलं स्वेटर काढावं लागलं.

सूड इथे संपला असं वाटतं तुम्हाला? छे! वहिनींनी शब्द पाळला. पुढे कितीतरी घरांत ट्रेव्हरने श्यामला पाठवलं, आणि संग्रामने लावलेल्या यंत्रांच्या नळ्यांतली घाण मी स्वतः ओढून काढली. दर घरात मी मुद्दाम जरा मोठ्याने गुरगुरायचो. संग्रामचा धंदा बुडाला नाही, बुडायला मला नकोच होता. त्याला नवाकोरा मोठा पंप घ्यावा लागला. आता तो ज्या मराठी घरी जातो तिथली आजी खुर्ची टाकून समोर बसते आणि विचारते, "झाकण काढलंत का हो, दादा?" आणि त्याला पंपाशेजारी पुरता अर्धा तास हात बांधून उभं राहावं लागतं. ज्याला माझा अर्धा तास नकोसा झाला होता, त्याला मी जन्मभराचे अर्धे तास दिले आहेत.

श्यामला कायमचं राहायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. त्या वर्षीच्या दसऱ्याला त्याने मला ट्रेव्हरच्या गाळ्यात पाटावर ठेवलं. धागा बांधायला निशिगंधावहिनीच आल्या होत्या, आणि मैत्रेयी मला कुंकू लावू की चाटू असा विचार करत होती. या वेळी वहिनींनी लोकर माझ्या पायाला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी श्याम मला घेऊन कामावर गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. वर्षातून एकदा हळद-कुंकू लावलेलं आणि बाकी वर्षभर अडगळीत टाकलेलं. त्याची पूजा केली नाहीत तरी चालेल. तेल घाला, पुसा, आणि ज्या कामासाठी ते जन्मलं ते काम त्याला करू द्या. नाही केलंत तर ते तुम्हाला काही बोलणार नाही. फक्त तुम्ही बांधलेली गाठ जपून ठेवेल आणि वाट बघत बसेल.